तंजावरात उपरा कोण?

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईलगत मीरा रोड येथे एका दुकानदाराच्या कानशिलात, तो मराठी बोलत नाही म्हणून, लगावण्यात आली आणि त्या कृत्याची चित्रफीत देशभर फिरली. हिंदी पहिलीपासून शिकविण्याचा सरकारी निर्णय महाराष्ट्रातील जनतेच्या विरोधामुळे त्याच सुमारास मागे घ्यावा लागला होता. तो विरोध सर्वस्वी रास्त होता. पण सरकारच्या सक्तीविरुद्ध उभे राहणे आणि गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाला मारणे, या दोन गोष्टी ‘अस्मिते’च्या एकाच गाठोड्यात बांधण्याचा जो उद्योग चालू आहे, त्याचा समाचार घेणे अगत्याचे झाले आहे.

हा उद्योग करणाऱ्यांच्या भाषणांत ‘तंजावर ते पेशावर’ ही ललकारी ठरलेली असते. पेशावरचे तूर्त बाजूला ठेवू. तंजावर मात्र आपल्याला जवळून पाहता येते. कावेरीच्या मुखाजवळील या सुपीक भातप्रदेशात मराठी माणूस साडेतीनशे वर्षे राहत आला आहे. तो तेथे गेला तेव्हा त्याला तमिळ येत नव्हते. त्याचे दप्तर मोडीत चाले, घरात मराठी चाले. मीरा रोडची कसोटी लावली तर तंजावरचा मराठी माणूस शुद्ध उपरा ठरतो, आणि त्याच्या तमिळ शेजाऱ्याला त्याच्या कानशिलात मारण्याचा हक्क आपोआप प्राप्त होतो. ही कसोटी या मंडळींना तंजावरात मान्य आहे काय? नसेल, तर ती मुंबईत कोणत्या न्यायाने लावली जाते?

भोसल्यांचे राज्य आणि मिरासदारांचे भात

प्रथम इतिहासावरची थोडी धूळ झाडली पाहिजे. एकोजी ऊर्फ व्यंकोजी भोसले तंजावरला गेले ते विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून. मदुरेच्या नायकांनी १६७३ साली तंजावर जिंकून घेतले होते. तंजावरच्या पदच्युत नायक घराण्यातील वारसाला गादी परत मिळवून देण्यासाठी विजापूरने फौज धाडली, आणि वारसाला बाजूला सारून १६७६ च्या सुमारास सेनापतीच गादीवर बसला. ज्यांचे राज्य गेले ते नायकही तमिळ नव्हते. विजयनगरच्या साम्राज्याबरोबर आलेले ते तेलुगू घराणे. म्हणजे तमिळ मुलखातील तेलुगू राजवंशाचे राज्य मुसलमान बादशहाच्या मराठी सरदाराने घेतले. यात ‘मराठी बाणा’ शोधणाऱ्यांनी अवश्य शोधावा. पुढे १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर असता या सावत्र भावांची भेट झाली, ती वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवरून फिसकटली आणि प्रकरण लढाईवर गेले. सरंजामी व्यवस्थेत भूमीचा तंटा हाच खरा तंटा असतो, भाऊबंदकी असो वा परकीय आक्रमण.

तंजावरच्या भोसल्यांनी विद्येला आश्रय दिला हे आम्ही नाकारीत नाही. शहाजी राजांनी (१६८४–१७१२) मराठीत आणि तेलुगूत नाटके रचली. दुसऱ्या सरफोजींनी (१७९८–१८३२) सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले; ‘कुरवंजी’ हा तमिळ नाट्यप्रकार उचलून मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली आणि तीत चक्क जगाचा भूगोल सांगितला. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. चोल राजाच्या मंदिरावर मराठी शिलालेख! मुंबईत परभाषेतील पाटी दिसताच ज्यांच्या डोळ्यांत रक्त उतरते, तेच हा शिलालेख पाहायला मिळाला तर ऊर भरून आल्याचे सांगतील.

परंतु या विद्येचा आणि वैभवाचा खर्च कोण भागवीत होते? तंजावरच्या भाताचे दोन वाटे पडत: ‘मेलवारम’ म्हणजे वरचा, सरकारचा वाटा, आणि ‘कुडिवारम’ म्हणजे कसणाऱ्याचा वाटा. मात्र ‘कसणारा’ म्हणून कागदावर ज्याचे नाव असे तो बहुधा नांगराला हात लावीत नसे. त्याला म्हणत मिरासदार. हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. आपल्याकडे गावातील वतनी, कायम हक्काचा शेतकरी तो मिरासदार. तंजावरात त्या शब्दाने शेकडो एकर ओलिताच्या जमिनीचा धनी दर्शविला जाऊ लागला. त्याच्या शेतात राबणारा ‘पण्णैयाळ’, म्हणजे पिढीजात सालदार, बहुतांशी पल्लर आणि परैयर या दलित जातींतला, गावाबाहेरच्या ‘चेरी’त राहणारा. राजा तेलुगू होता तेव्हाही हाच माणूस चिखलात उतरत होता, राजा मराठी झाला तेव्हाही, आणि १७९९ च्या तहाने किल्ला व तनखा राजाकडे ठेवून महसूल इंग्रज कंपनीने आपल्याकडे घेतला तेव्हाही. १८५५ मध्ये पुरुष वारस नसल्याचे निमित्त करून राजपदच खालसा झाले. मिरासदाराची मिरास मात्र खालसा झाली नाही. ओरत्तनाडच्या मुक्तांबाळ छत्रात सरफोजी वाटसरूंना जेवू घालीत, ही गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. त्या पंगतीचा तांदूळ कोणी पिकवला आणि त्याला पंगतीत कोठे बसविले जाई, हे सांगण्याचे मात्र बहुधा राहून जाते.

कारकुनांच्या याद्या

राज्य गेले, पण राज्याबरोबर आलेली माणसे गेली नाहीत. शिपाई, कारकून, कीर्तनकार, शिंपी अशी ही माणसे तंजावर, कुंभकोणम आणि आसपास राहिली. त्यांच्या कीर्तनातून तमिळ हरिकथेला नवे वळण मिळाले. त्यांच्या घरच्या मराठीत तमिळ शब्द मुरले. तमिळ शेजाऱ्याने त्यांना ‘चालते व्हा’ म्हटले नाही. याचे श्रेय कोणा राजाला नसून शेजारधर्माने राहणाऱ्या साध्या माणसांना आहे.

तंटा झाला तो नोकऱ्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात मराठी बोलणाऱ्या देशस्थ ब्राह्मण कारकुनांची विलक्षण पकड होती. हिशेबाची भाषा मराठी, लिपी मोडी. मामा शिरस्तेदार, भाचा पेशकार, जावई तहसीलदार! गुंटूरसारख्या जिल्ह्यात कलेक्टर गोरा असला तरी कचेरी या जाळ्याच्या हाती असे. अखेरीस १८५४ साली मद्रासच्या महसूल मंडळाने स्थायी आदेश काढला की, जिल्ह्यातील जागा मूठभर वजनदार घराण्यांच्या मुठीत राहू देऊ नयेत. कंपनी सरकारला न्यायाचा उमाळा आला होता असे नव्हे. वसुलीचा पैसा मधल्यामध्ये जिरतो, ही तिची तक्रार होती. तरीही योगायोग पाहण्यासारखा आहे. पुढे शंभर-एक वर्षांनी मुंबईत ‘मार्मिक’ साप्ताहिकाने ‘वाचा आणि थंड बसा’ म्हणून कंपन्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. १८५४ च्या मद्रासेत असे साप्ताहिक असते तर त्यातील याद्या मराठी आडनावांनी भरून गेल्या असत्या. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोरचे, इंदूरचे आणि बडोद्याचे दिवाण झाले. बडोद्याच्या माणसाने त्यांना मराठी म्हणावे की मद्रासी?

१९६६ साली शिवसेना स्थापन झाली तेव्हा तिने लुंगीवाल्यांविरुद्ध पुंगी वाजविली. मराठी तरुण बेकार होता हे खरे. त्याच्या बेकारीचे कारण माटुंग्याच्या खोलीत राहणारा तमिळ लघुलेखक आणि उडुप्याच्या हॉटेलातला पोऱ्या आहे, असे त्याला सांगण्यात आले. परंतु पुंगीचा रोख लवकरच खऱ्या दिशेला वळला. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. ५ जून १९७० रोजी लालबागला आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्याबद्दल शिवसैनिकांना शिक्षा झाल्या. कृष्णा देसाई तमिळ होते काय? लुंगी हटविण्यासाठी निघालेल्यांना मराठी गिरणी कामगारांचा मराठी पुढारी का हटवावा लागला, या प्रश्नाचे उत्तर पन्नासांहून अधिक वर्षे मिळालेले नाही. आणि गिरणगावातून मराठी माणसाला अखेर कोणी उठविले? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप चिरडला गेला, गिरण्या आजारी पाडण्यात आल्या, १९९१ च्या विकास नियमांनी जमिनीच्या विक्रीची वाट खुली झाली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकांचा मार्ग निर्वेध केला, आणि चाळींच्या उरावर मनोरे चढले. या संपूर्ण व्यवहारात तमिळ लघुलेखकाची सही कोठेही सापडत नाही.

येथे आपल्या स्वतःच्या चळवळीबद्दलही दोन शब्द स्पष्टपणे बोलले पाहिजेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाल बावटा अग्रभागी होता. कॉम्रेड डांगे, अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांनी मराठी जनतेच्या भाषिक भावनेला लोकशाही वळण दिले. १ मे १९६० नंतर मात्र ही भावना म्हणजे मिटलेले प्रकरण, असे आपण धरून चाललो. राज्य मिळाले पण त्या राज्यात नोकरी मिळत नाही, हा मराठी तरुणाचा सवाल आपण मालकाच्या दाराशी पुरेशा जोराने नेला नाही. जी जागा आपण मोकळी सोडली ती दुसऱ्यांनी व्यापली.

दोन जातींचे उपरे

‘बाहेरचा’ हा शब्द फसवा आहे. भांडवल आणि मालकीहक्क घेऊन येणारा बाहेरचा वेगळा आणि दोन हात घेऊन येणारा बाहेरचा वेगळा. थायलंडकडे पाहा. तेथे परदेशी माणसाला कायद्याने जमिनीची मालकी मिळत नाही. पण पैसेवाले गोरे रहिवासी स्थानिकांच्या नावे कंपन्या काढून किनाऱ्यावरचे बंगले ताब्यात घेतात, अशी तक्रार जुनी आहे. २०२४ साली फुकेत बेटावर एका बंगल्यात राहणाऱ्या स्विस गृहस्थाने समुद्रकाठच्या पायरीवर बसलेल्या स्थानिक तरुण डॉक्टरणीला लाथ मारल्याचा आरोप झाला. न्यायालयाने त्याला पुढे निर्दोष ठरविले, परंतु त्या वेळी गावकरी किनाऱ्यावर जमले ते ‘किनारा कोणाचा?’ हे विचारण्यासाठी. तो प्रश्न योग्य होता. त्याच थायलंडात म्यानमारमधून आलेले लाखो मजूर मासळी सोलतात, बांधकामावर विटा वाहतात. त्यांना तेथे कोणी बंगलेवाले म्हणत नाही; त्यांच्याकडे कागद नसले की पोलिसाचा हात त्यांच्या खिशात जातो. दोघेही परकेच. मात्र ज्या राजकारणाला यांच्यातील भेद दिसत नाही, ते नेहमी दुसऱ्यावरच तुटून पडते, कारण तो उलट मारू शकत नाही.

तंजावरची कष्टकरी जनता हा दुसऱ्या जातीचा उपरेपणा पुरेपूर भोगलेली आहे. नागपट्टणच्या बंदरातून तमिळ मजूर मलायाच्या रबर मळ्यांत गेले. कंगाणी नावाच्या मुकादमाच्या कर्जात अडकून तंजावर, तिरुचिरापल्लीकडची माणसे सिलोनच्या मळ्यांत गेली. तेथे पिढ्या गेल्यावर १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना एका रात्रीत बिनदेशाचे केले. १९६४ च्या शास्त्री–सिरिमाव्हो कराराने सव्वापाच लाख माणसे भारताकडे आणि तीन लाख सिलोनकडे, अशी वाटणी ठरविली. गुरेसुद्धा विकताना त्यांच्याकडे एकदा पाहिले जाते.

मालकाची युक्ती कशी चालते ते रंगूनच्या गोदीने १९३० सालीच दाखविले आहे. तेलुगू गोदी कामगारांनी मजुरीसाठी संप केला. कंपन्यांनी बर्मी मजूर लावून तो मोडायला घेतला. मग तेलुगू मजुरांशी समझोता करून बर्मी मजुरांना हाकलले. दोन भुकेले जमाव गोदीच्या दारात एकमेकांसमोर उभे राहिले आणि झालेल्या दंगलीत शंभरावर माणसे मेली. गोदीच्या कंपन्यांपैकी कोणाच्याही अंगाला ओरखडा उठला नाही.

वेण्मणी

आता तंजावरच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या जिल्ह्यात खरा परका कोण होता, याचा निवाडा तेथल्या शेतमजुरांनी स्वतः केला आहे.

१९४३ च्या सुमारास कॉम्रेड बी. श्रीनिवास राव तंजावरच्या खेड्यांत किसान सभेचे काम करण्यासाठी आले. ते दक्षिण कन्नड भागातले, कन्नड ब्राह्मण घरात जन्मलेले. तमिळ त्यांची मातृभाषा नव्हती. ते राहिले चेरीत, जेवले पण्णैयाळांच्या घरात. त्या काळी काम चुकले की मजुराला चाबकाचे फटके मारणे आणि शेणाचे पाणी पाजणे ही मिरासदारांची रूढ शिक्षा होती. मारले तर उलट मारा, हे सांगणारा पहिला माणूस त्या लोकांना भेटला तो परप्रांतीय! १९४४ साली मन्नारगुडी येथे झालेल्या करारात मिरासदारांना चाबूक आणि शेणपाणी बंद करण्याचे कबूल करावे लागले. वाचकांना येथे ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचे स्मरण होईलच. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी वेठबिगारीविरुद्ध जो वणवा पेटविला, त्या दोघांनाही जमीनदार ‘बाहेरचे चिथावणीखोर’च म्हणत होते. श्रीनिवास राव १९६१ साली गेले. पल्लर-परैयर वस्त्यांनी त्यांना कधी उपरे मानले नाही. त्यांना उपरे मानले ते मिरासदारांनी.

त्यानंतर वेण्मणी. नागपट्टण तालुक्यातील कीळवेण्मणी हे गाव त्या वेळी तंजावर जिल्ह्यात होते. लाल बावट्याच्या मजुरांनी कापणीच्या मजुरीत अर्ध्या मापाची वाढ मागितली. अर्धे माप भात! जमीनमालकांच्या भातउत्पादक संघाने उत्तर म्हणून बाहेरगावचे मजूर कापणीला आणले आणि स्थानिकांना लाल बावटा उतरविण्याचे फर्मान काढले. तणाव वाढला, चकमकी झाल्या, मालकांच्या बाजूचा एक माणूस मारला गेला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री मालकांच्या टोळीने चेरीवर हल्ला केला. जीव वाचविण्यासाठी बायका, मुले आणि म्हातारी माणसे एका झोपडीत शिरली. झोपडीला बाहेरून आग लावण्यात आली. चव्वेचाळीस जण जळून मेले. त्यांत मुलांची संख्या सर्वांत जास्त होती.

राज्यात तेव्हा द्रविड अस्मितेचे सरकार होते, अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी निवडून आलेले. मारणारे आणि मरणारे सारे तमिळ बोलणारे होते. भातउत्पादक संघाचा अध्यक्ष गोपालकृष्ण नायडू. ‘नायडू’ हे नावच तेलुगू मूळ सांगणारे. कोणत्या अस्मितावाद्याने त्याला ‘परप्रांतीय’ म्हटले? तो परका ठरत नव्हता, कारण त्याच्याकडे जमीन होती. १९७० साली खालच्या न्यायालयाने त्याला व इतरांना दहा वर्षांच्या शिक्षा दिल्या. १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. एवढे श्रीमंत, मोठ्या जमिनींचे धनी असलेले लोक स्वतः पायी जाऊन झोपडी पेटवतील यावर विश्वास ठेवणे त्या न्यायालयाला अवघड वाटले. सातबाराच जणू जामीन राहिला. डिसेंबर १९८० मध्ये नायडूचा खून झाला. व्यक्तिगत सूडाचा तो मार्ग आमचा नव्हे, परंतु न्यायाची दारे बंद कोणी केली हेही विसरता येत नाही.

वेण्मणीत कापणीला आणलेले बाहेरगावचे मजूरही उपाशीच होते, ही गोष्ट आपल्या सभांतून कमी सांगितली जाते. मिरासदाराने त्यांना भाताचे माप दाखविले आणि चेरीसमोर उभे केले.

आज हा प्रश्न त्याच भूमीत पुन्हा उभा आहे. कावेरीच्या खोऱ्यात भातलावणीसाठी पश्चिम बंगाल, बिहार येथून मजुरांच्या टोळ्या येऊ लागल्या आहेत. एकरी ठरीव उक्ते काम, मुकादमामार्फत पैसे, झोपायला शेताकडेची शेड. स्थानिक शेतमजूर स्त्रिया, ज्यांच्या हाताला लावणीचे हक्काचे काम होते, त्या बांधावरून हे पाहत आहेत. त्यांचा राग खरा आहे आणि त्यावर प्रवचन देणे निरर्थक आहे. मार्च २०२३ मध्ये तामिळनाडूत बिहारी मजुरांची कत्तल चालू असल्याच्या खोट्या चित्रफिती पसरविण्यात आल्या. गाड्या भरभरून माणसे घाबरून गावी परतली. चित्रफिती बनावट असल्याचे सिद्ध झाले, पण ठिणगी कोठे टाकावी हे टाकणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणासाठी १९७९ साली केलेला कायदा केंद्र सरकारने २०२० च्या संहितेत गुंडाळून टाकला, त्याची मात्र एकही चित्रफीत फिरली नाही.

म्हणून तंजावरच्या आणि मीरा रोडच्या कॉम्रेडांपुढे एकच काम आहे. लावणीला आलेल्या बंगाली टोळीच्या शेडवर दगड घेऊन जाणारे पुष्कळ भेटतील. आपण वही घेऊन गेले पाहिजे. मालक एकरी किती देतो, त्यातून मुकादम किती कापतो, प्रवासाचे पैसे कोणी भरले, उचल किती घेतली, आजारी पडल्यास काय, हे त्यांच्या भाषेत विचारून लिहून घेतले पाहिजे; आणि तोच आकडा त्याच संध्याकाळी चेरीतील बायकांसमोर वाचून दाखविला पाहिजे. एकरी दर दोघांना एकच, तोही ठरलेल्या किमान वेतनाखाली नाही, आणि कामावर पहिला हक्क गावातल्या मजुराचा राखून उरलेल्या कामावर टोळी: ही मागणी मालकाच्या दारात दोघांनी मिळून न्यायची आहे. बंगाली येणारा एक तरी कार्यकर्ता त्यासाठी तंजावरला लागेल. श्रीनिवास रावांनाही तमिळ तेथे येऊनच शिकावे लागले होते.